धरलं की ढकललं

दुभाषीबाईला सात भाषा येत. कोर्टात परमुलखातले साक्षीदार तिच्याच तोंडून बोलत. लहानपणी दारावर येणाऱ्या कुणाचंही बोलणं ती हुबेहूब म्हणून दाखवी, म्हणून थोरला भाऊ तिला अजून पोपट म्हणे. ती वरवर रागवे, मनातून सुखावे.

चर्चच्या मंडळीत पाळक कृपादानांवर, म्हणजे पवित्र आत्म्यानं दिलेल्या देणग्यांवर, बोलू लागले, तेव्हा तिनं त्यांना सांगून टाकलं की आपलं दान आपल्याला कधीच सापडलंय.

"ते तुझं कसब," पाळक म्हणाले. "तेही देवानंच दिलंय, पण ते तुझ्या हुकमात आहे. कृपादान हुकमात नसतं. ते दुसऱ्या कुणासाठी तरी येतं."

तिला तो शब्दांचा खेळ वाटला.

पुढच्या रविवारी उपासनेत तिच्या शेजारी इस्पितळाच्या धुलाईघरातली मावशी बसली. चाळीस वर्षं चादरी उकळून मावशीचे हात पांढरेफटक पडले होते. प्रार्थनेत ती काहीबाही पुटपुटे, त्याला ना शेंडा ना बुडखा. मंडळीला त्याची सवय होती. दुभाषीबाईनं पूर्वी कान देऊन पाहिलं होतं. ती कुठलीच भाषा नव्हती.

त्या दिवशी मात्र तिला ते कळलं. आवाज तेच अगम्य, पण अर्थ आत उतरत गेला, गार पाण्याचा घोट घशाखाली उतरावा तसा.

'नदी फुगली होती. तो बुडत होता. मी त्याला धरलं. बाई, मी धरलं म्हणालो होतो.'

हे शब्द तिच्या ओळखीचे होते. दोन वर्षांपूर्वी एका नावाड्यावर साथीदाराला नदीत लोटल्याचा खटला चालला होता. त्याच्या डोंगरी बोलीत 'धरलं' आणि 'ढकललं' यांना एकच शब्द. फरक फक्त सुराचा. तिला शंका आली होती. पण पुन्हा विचारलं तर बाईला ही बोली धड येत नाही असं दिसलं असतं. ती "ढकललं" म्हणाली. त्याला दहा वर्षांची सजा झाली.

प्रार्थना संपल्यावर तिनं मावशीला बाजूला घेऊन हे सगळं कुणी सांगितलं म्हणून विचारलं.

"मला कुठं कळतं, बाळा?" मावशी म्हणाली. "तोंड तेवढं माझं."

घरी येऊन तिनं मनाची समजूत घातली की हा आपल्याच मनाचा खेळ. बुधवारपर्यंत ती टिकली. मग भर दुपारी ती धुलाईघरात गेली. वाफेत मावशी पाठमोरी उभी राहून चादरीच्या घड्या घालत होती. कुणी आल्याचं तिला कळलंही नव्हतं, पण पुटपुट चालू होती.

'अजून आठ हिवाळे.'

दुभाषीबाई आल्या पावली मागे फिरली आणि थेट पाळकांकडे गेली. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, की हे आणखी कुणाला कळलं का? ती नाही म्हणाली.

"मग सांगायचं काम तुझंच."

"माझी नोकरी जाईल."

"जाईल," पाळक म्हणाले, आणि तिच्याजवळ बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी तिनं न्यायाधीशांना लेखी कबुली दिली. जबानीची टेप डोंगरातल्या दोघांना वेगवेगळी ऐकवण्यात आली. दोघंही म्हणाले, "धरलं." तिचं काम गेलं. भावानं आठवडाभर तिला पोपट म्हटलं नाही. पाच महिन्यांनी नावाडी सुटला.

ती तुरुंगाच्या फाटकाशी उभी राहिली आणि त्याच्या बोलीत, एकेक सूर जपून, तिनं त्याची माफी मागितली.

"आत माझी बोली कुणाला येत नव्हती," तो म्हणाला. "दर रविवारी सकाळी, आणि मधेही कधी जीव उबगला की, मी भिंतीशी बोलायचो. म्हणजे ऐकलं कुणीतरी?"

तिनं मान डोलावली. कुणी ऐकलं, हे काही तिला सांगता येईना.

माफ केलं असं तो म्हणाला नाही. गावाकडची गाडी कुठून सुटते ते त्यानं विचारलं, आणि दोघं त्या रस्त्याला लागले.