उसवून बघायची सवय

मास्तरांना सगळं जमायचं, एक वाट बघणं सोडून. चाळीस वर्षं त्यांनी कोट शिवले, पण टाका चुकल्याची नुसती शंका आली तरी सुई घालून शिवण उसवून बघायचे. गिऱ्हाईक दारात ताटकळत असलं तरी बेहत्तर. "खात्री झाल्याशिवाय माझा कोट बाहेर पडत नाही," असं वर त्यालाच ऐकवायचे.

तर अशा माणसानं बियांपासून अनंत लावायला घेतला! झाड मूळ त्यांच्या बायकोचं. तिच्या दुखण्याच्या धावपळीत कुंडीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. ती गेली आणि मागोमाग झाडही वाळून काटकी झालं. फांदीवर एक नारिंगी बोंड तेवढं उरलं होतं. मास्तरांनी ते फोडलं, बिया पाण्यात टाकल्या, तळाशी बसल्या तेवढ्या वेचल्या. भरल्या बारा. त्या ओल्या मातीवर पसरून, वरून चिमूटभर माती भुरभुरवून त्यांनी कुंडी खिडकीत ठेवली. तिचा अनंत पुन्हा उभा राहावा, एवढंच त्यांना आता हवं होतं.

महिना झाला तरी माती ढिम्म हलेना.

एका सकाळी सून पाणी शिंपडायला आली, तर मास्तर नाकाच्या शेंड्यावर चष्मा ठेवून कुंडीवर वाकलेले. हातात सुई.

"बाबा, हे काय चाललंय?"

"काही नाही गं. जिवंत आहे का, एवढंच बघतोय."

सुईच्या टोकावर एक बी होती. तिच्यातून केसाएवढं पांढरं मूळ बाहेर आलेलं, आणि मधोमध तुटलेलं.

सुनेनं कपाळावर हात मारला. "अहो, ही रुजली होती की! रोज उकरताय की काय?"

"रोज कुठे? एक दिवसाआड." मास्तरांचा चेहरा पडला. "ही धरून नऊ बघून झाल्या."

राहिल्या तीन. सून त्यांना चांगलं फैलावर घेणार होती, पण म्हातारा त्या तुटक्या मुळाकडे असा बघत होता की तिनं हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"तिलाही मी असंच केलं," मास्तर म्हणाले. "तासातासाला उठवून विचारायचो, बरं वाटतंय का, बरं वाटतंय का. एकदा म्हणाली, अहो, मला जरा निजू द्या ना. तरी मी विचारतच राहिलो. भीती वाटायची गं."

सुनेनं हात पुढे केला. मास्तरांनी मुकाट्यानं सुई तिच्या तळहातावर ठेवली.

पुढचे दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. खिडकीपाशी जायचे, हात पाठीमागे बांधायचे, परत फिरायचे. बटणांचा डबा ओतून उगाच रंगाप्रमाणे बटणं लावत बसायचे.

तीन आठवड्यांनी सुनेनं हाक मारली. मातीतून एक कोंब वर आला होता, बोटाच्या पेराएवढाही नाही. इवली पानं अजून बीच्या टरफलात अडकलेली, टोपी घातल्यासारखी.

मास्तरांचे डोळे भरून आले. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले.

"अडकलाय वाटतं बिचारा," सून म्हणाली. आता तिलाच राहवेना. "सुई आणू? हलक्या हातानं काढते टरफल."

मास्तरांनी हात पाठीमागे बांधले.

"नको," ते म्हणाले. "जरा निजू दे."