जोडणाऱ्याशी बोलायचं नाही

ट्रकला ट्रेलर जोडणाऱ्याशी बोलायचं नाही, हा वायोमिंगमधल्या त्या ट्रेलर-पार्कातला, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या वस्तीतला, सगळ्यात कडक नियम. बाकी तिथे कुणी कुणाचं ऐकत नाही. कुत्री बांधा म्हटलं तर हटकून सोडतील. पण कुणी आपला पिकअप हळूहळू मागे घेत ट्रेलरच्या मानेखाली आणायला लागला, की बडबड्या डेल्बर्टसुद्धा कॉफीचा मग तोंडाला लावून गप्प बसतो. बोलण्याच्या नादात खटका पुरता लागला नाही, तर अख्खं घर रस्त्यात सुटतं. असं झालेलं त्यांनी पाहिलंय.

म्हणून त्या सकाळी वर्लिन हॉइट ट्रक मागे घेत होता तेव्हा निरोपाला आलेली सगळी मंडळी चिडीचूप होती. वर्लिन आणि त्याची बायको लॉर्ना गावातलं घर विकून निघाले होते. हिवाळा ॲरिझोनात काढायचा, उन्हाळ्यात परत यायचं आणि हातपाय चालतात तोवर असंच फिरायचं, असा बेत. ट्रेलर होता आगगाडीच्या डब्याएवढा. त्यात भिंतीतली शेकोटी, कपडे धुण्याचं मशीन, दोन ऐसपैस आरामखुर्च्या. शेकोटी पाहिल्यावर लॉर्ना दुसऱ्या ट्रेलरकडे बघायलाच तयार नव्हती.

ट्रक मात्र ब्रँटचा, म्हणजे त्यांच्या मुलाचा. वर्लिनच्या जुन्या दणकट ट्रकचं इंजिन ऐनवेळी बसलं आणि ब्रँट आपला पिकअप धुऊनपुसून घेऊन दारात हजर. किल्ली बापाच्या हातात ठेवून म्हणाला, "घ्या बाबा. मला कामावरची गाडी मिळते."

हा तोच ब्रँट बरं का, ज्याने दारूच्या नशेत बापाची गाडी कालव्यात घातली होती. "तुझ्या हातून एक गोष्ट धड व्हायची नाही," असं वर्लिन तेव्हा बोलून गेला आणि बापलेकांचं बोलणं कित्येक वर्षं तुटलं. आता पोराने दारू सोडली होती, तेलविहिरीवर मान मोडून काम करत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा बापाला काहीतरी देत होता. वर्लिनने एवढंच विचारलं, "ओढेल ना रे आमचा ट्रेलर?"

"अहो, हसत हसत ओढेल!"

ते काही खोटं नव्हतं. पण असला ट्रेलर नुसता मागून ओढायचा नसतो. त्याची मान ट्रकच्या पाठीवर येऊन बसते. ओढणं वेगळं आणि पाठीवर पेलणं वेगळं. ओढायचा आकडा जाहिरातीत ठळक छापतात. पाठीवर किती पेलेल ते दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर, बारीक अक्षरात. भलेभले इथेच फसतात.

खटका लागला. वर्लिनने ट्रक किंचित पुढे ओढून पाहिला, पक्कं बसलं होतं. मग ट्रेलर ज्यांवर टेकून उभा होता ते पुढचे पाय त्याने वर घ्यायला सुरुवात केली, आणि ट्रकचा पार्श्वभाग खाली खाली जायला लागला. तो जातोच आहे! नाक आभाळाकडे, मागची चाकं मडगार्डांत घुसलेली. जन्मभर घोड्यांचे ट्रेलर ओढलेल्या माणसाला आणखी काय सांगायला हवं? पुढची चाकं हलकी झाली म्हणजे घाटात वळताना ट्रक ऐकणार नाही, आणि उतारावर मागचं धूड त्याला ढकलत नेईल. आणि शेजारच्या सीटवर लॉर्ना असणार.

ब्रँट तिथेच उभा होता, छाती फुगवून, हातात फोन धरून फोटो काढत. वर्लिनला वाटलं, मी आता तोंड उघडलं तर याला पुन्हा तेच वाक्य ऐकू येईल. घाटात हळू घेऊ, खालच्या गियरमध्ये उतरू, असं त्याने मनाशी ठरवलं. आणि तो पाय वर घेत राहिला.

"वर्लिन, थांब."

सगळ्यांच्या माना वळल्या. लॉर्ना! एवढ्या वर्षांच्या संसारात जोडणी चालू असताना ही बाई कधी शिंकलीसुद्धा नव्हती.

"अगं, जोडतोय ना मी!"

"दिसतंय. ट्रक मागून बसलाय ते पण दिसतंय. वजनकाट्यावर चल."

"काही होत नाही, लॉर्ना."

"काही होत नसेल तर काट्याला काय भ्यायचं? चल म्हणते ना!"

वजनकाटा पार्काच्या फाटकासमोरच होता, पेट्रोलपंपावर. रस्ता सपाट. गोगलगायीच्या चालीने तिघं तिथे पोचले. पावती ब्रँटनेच आणली. दार उघडून, वाकून त्याने स्टिकर वाचला. पुन्हा पावती पाहिली. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"पाठीवर ही मान घेऊन आई नि तुम्ही नुसते आत बसलात, तरी जास्त होतंय," तो म्हणाला. "मी हा आकडा कधी पाहिलाच नाही. मारलंच असतं की मी तुम्हाला." मग जमिनीकडे बघत हळूच म्हणाला, "तुम्ही म्हणाला होता तेच खरं, बाबा. द्या किल्ली. तुम्ही मोठा ट्रक बघा."

वर्लिनला भडभडून आलं. पण आवाज निघाला तो नेहमीसारखा खेकसतच. "गाढवा, ट्रकात काय खोट आहे? ट्रक चांगलाय. आम्हीच घर नको तेवढं मोठं घेतलंय."

"बाबा, आईची शेकोटी..."

"ॲरिझोनात शेकोटी!" लॉर्ना ताडकन म्हणाली. "तिथे काय कोंबड्या भाजायच्यात मला? कपडे बाहेर धुता येतात, आणि खुर्ची एक पुरे. तुझा बाप घोरायला लागला की मी बसेन." धडधडीत खोटं बोलत होती. त्या शेकोटीसमोर बसून ती आदल्या दिवशी विणकाम करत होती.

बर्फ पडायला लागायच्या आत मोठा ट्रेलर गेला आणि लहान आला, तसल्याच मानेचा. या वेळी ब्रँटने आधी स्टिकर वाचला, मग पाण्याची टाकी भरून, भांडीकुंडी लादून, दोघांना आत बसवून सगळं काट्यावर नेलं, आणि आकडे बसले तेव्हाच सौदा पक्का होऊ दिला.

निघायच्या सकाळी वर्लिनने किल्ली पुढे केली. "तू जोड."

"मी?"

"मग काय डेल्बर्ट?"

ब्रँटने ट्रक मागे घेतला. पार्क चिडीचूप. खटका वाजला, त्याने वाकून तो डोळ्यांनी पाहिला, बोटाने चाचपला. ट्रक पुढे ओढून बघितला. मग पाय वर घेतले. ट्रक जरासा टेकला आणि सरळ उभा राहिला. ब्रँटने पुन्हा एकदा सगळ्याभोवती चक्कर मारली, हात पँटला पुसले आणि बापाकडे पाहिलं.

"झालं, बाबा. आता बोला."

सांगण्यासारखं वर्लिनकडे खूप होतं. कित्येक वर्षांचं साठलं होतं. पण नियम संपला तरी त्याला बोलता येईना, नुसता पोराच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.