जुनी सुई द्या, नवी घ्या

कामशेतच्या बाजारामागं, भाताच्या गिरणीला लागून एका संस्थेनं खोली भाड्यानं घेतली होती. अनिता तिथं आठवड्यातून तीनदा तळेगावहून यायची. नशेची इंजेक्शनं टोचणारी पोरं वापरलेली सुई आणून द्यायची आणि अनिता त्यांना नवी द्यायची. सुई एकमेकांची वापरली की एचआयव्ही लागतो. तो टळावा, एवढ्यासाठी हा खटाटोप.

ओंकार तिथं यायचा. घर गावातलं मोठं, शेती पवनानगरच्या रस्त्याला. त्याच्यासोबत ठाकरवाडीचा आदिवासी पोरगा दत्ता असायचा, त्यांच्याच शेतावर मजुरी करणारा. ओंकारचा दंड टोचून टोचून चिघळला, तेव्हा अनितानं तीन आठवडे पट्टी केली. त्याची आई कस्तुराबाई एका दुपारी गिरणीत आल्याचं निमित्त करून खोलीत शिरली. पदराखालून तिनं तांदळाची पिशवी काढली.

"मावशी, हे कशाला?"

"ऱ्हाऊ दे. हात तोडायची पाळी आलती त्याची. तुज्यामुळं वाचला."

पुढच्या महिन्यात शाळेमागं सुया सापडल्या. देवळात बैठक बसली. अनितालाही बोलावलं.

"तुमी सुया वाटता म्हनून पोरं टोचून घेत्यात," सोपानभाऊ म्हणाले. गावात त्यांचा शब्द चालायचा.

"भाऊ, मी यायच्या आधीपासून टोचतायत. आणि माझ्याकडं जुनी दिल्याशिवाय नवी मिळत नाही. ज्या सापडल्या, त्या खोलीत न येणाऱ्यांच्या आहेत."

"मग येनारे कोन? नावं सांगा."

अनितानं समोर बसलेल्या बायकांकडं पाहिलंही नाही. "नावं सांगणार नाही."

"कोनाचा तरी फायदा झालाय का? एकानं उठून सांगावं!"

बायकांतून कस्तुराबाई उठली. अनिताला क्षणभर हायसं वाटलं.

"हितं आमच्या लेकीसुना ऱ्हात्यात," कस्तुराबाई म्हणाली. "असली घान गावात नगं. हिला हाकला."

टाळ्या पडल्या. दोन दिवसांनी खोलीला कुलूप लागलं. अनितानं पोरांना तळेगावला यायला सांगितलं. पहिल्या आठवड्यात दोघं आले, नंतर कुणीच नाही. बैठकीनंतर औषधाच्या दुकानदारांनीही टोचणाऱ्या पोरांना सुया देणं बंद केलं होतं. टोचणं मात्र बंद झालं नाही.

आठ महिन्यांनी ओंकारचा ताप हटेना म्हणून रक्त तपासलं. एचआयव्ही. अनिताकडचा जुना अहवाल स्वच्छ होता. मधल्या काळात तो आणि दत्ता एकाच सुईवर होते, हे त्यानं स्वतःच सांगितलं. दत्तालाही तेच निघालं. कुणाचं कुणाला लागलं, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. गावानं दोन दिवसांत ठरवलं, ठाकराच्या पोरानं आणलं. दत्ताला भातलावणीला कुणी बोलावलं नाही.

कस्तुराबाई तळेगावला अनिताच्या दारात येऊन उभी राहिली.

"तुला समदं ठाव हुतं," ती म्हणाली. "मंग बैठकीत गप का बसलीस? वरडली का न्हाईस?"

अनितानं तिला आत बसवलं. "उद्या सकाळी दहाला सरकारी दवाखान्यात या. गोळ्या फुकट मिळतात. रोज घेतल्या तर माणूस जगतो, चांगला जगतो. दत्तालाही बोलावलंय, दोघांचे कागद एकदमच करते."

कस्तुराबाईनं डोळे पुसले. पायरी उतरता उतरता ती थांबली.

"त्याला दुसऱ्या दिशी बोलीव. त्याच्या शेजारी बसल्यालं कुनी बगितलं तर?"

अनितानं वेळ बदलली नाही.

सकाळी दहाला दत्ता एकटाच बाकावर बसला होता. ओंकारला घेऊन कस्तुराबाई साडेअकराला आली, आणि दत्ता फाटकाबाहेर जाईपर्यंत दोघं रिक्षातून उतरली नाहीत.