चार बोटं पाणी

तो नकाशे काढणारा माणूस होता आणि कचेरीत त्याला सगळे फुटपट्टी म्हणत. तोंडावर नाही म्हणत, पण त्याला ते ठाऊक होतं आणि मनातल्या मनात आवडतही होतं. घरात कपाट यायचं म्हटलं की हा आधी जिना मोजणार, मग जिन्याचं वळण मोजणार, मग कपाट उचलणाऱ्या माणसांकडेही मोजल्यासारखं बघणार. अशा माणसाची मापात चूक झाली हे कोणाला सांगितलं असतं तर कचेरी पोट धरून हसली असती. त्यानं अर्थातच कोणाला सांगितलं नाही.

त्याच्या आईचे गुडघे गेले होते. इस्पितळाच्या धुलाईखान्यात ओल्या फरशीवर तीस वर्षं उभी राहिलेली बाई, गुडघे काय दगडाचे असतात? आंघोळीला स्टुलावर बसली की तिला एकटीला उठता येईना, म्हणून सून मदतीला आत जायची. सून समजूतदार होती. पाठ चोळताना इकडच्या तिकडच्या गप्पा मारायची आणि नजर भिंतीवर ठेवायची. तरी आईला ते फार लागे. एकदा ती मुलाला म्हणाली, "जन्मभर परक्या माणसांच्या अंगाखालच्या चादरी धुतल्या मी. आता माझं अंग मला धुता येऊ नये का रे?" आणि त्यानंतर तीन दिवस तिनं आंघोळच टाळली.

डॉक्टरांनी सुचवलं, की रोज गरम पाण्यात बसवा. पाण्याचे फवारे सोडणारे टब मिळतात, गुडघे मोकळे होतील, कदाचित त्यांचं त्यांना जमायलाही लागेल. हे ऐकून आईचा चेहरा असा काही उजळला की फुटपट्टीनं त्याच संध्याकाळी बाथरूमचा नकाशा काढला. दार, खिडकी, नळ, उतार, सगळं. खरं सांगायचं तर टब त्यालाही हवा होता. पण आईचं कारण पुढे होतं, आणि चांगलं कारण पुढे असलं की माणसाला स्वतःच्या हौसेकडे बघावं लागत नाही.

दुकान मोठं, काचेचं. आत टब असे मांडलेले की रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसावेत. तिथल्या विक्रेत्या बाईनं नकाशा पाहून कौतुक केलं आणि मग विचारलं, "वापरणार कोण?"

"आई."

"मग त्यांना घेऊन या. आम्ही कोरड्या टबात बसवून बघतो. पाय उचलून आत जाता आलं पाहिजे आणि बाहेर निघता आलं पाहिजे. तेवढं बघितल्याशिवाय आम्ही देत नाही. आजींसाठी हा दाराचा टबही आहे बघा. दार उघडायचं, चालत आत जायचं, आतल्या बैठकीवर बसायचं."

दाराचा टब त्याला बघवेना. उभट, बोजड, इस्पितळातून उचलून आणल्यासारखा. त्याची नजर शेजारच्या टबावर होती. पांढराशुभ्र, खोल, आठ फवाऱ्यांचा. "उद्या आईला आणतो," असं म्हणून तो घरी आला, आईलाही तसं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी ती चांगले कपडे घालून दुपारपासून तयार होऊन बसली.

पण कचेरीतून निघता निघता त्याला पलंगाचं दुकान आठवलं. दोन वर्षांपूर्वी पलंग घ्यायला आईला बरोबर नेलं होतं. तिनं दुकानाच्या दारातच चपला काढल्या, मांडून ठेवलेल्या पलंगावर सरळ आडवी झाली, कुशी बदलून पाहिल्या आणि धुलाईखान्यातल्या यंत्रांवरून बोलायची सवय असलेल्या आवाजात म्हणाली, "हा कुरकुरतो रे. दुसरा दाखवायला सांग." चार गिऱ्हाइकं हसली. विकणाराही हसला. आईसुद्धा हसली. हा मात्र कानापर्यंत लाल होऊन पडद्यांचे भाव बघत राहिला. आता काचेच्या दुकानात, भर बाजारात, आई कपडे सावरत टबात चढतेय आणि तिथून ओरडून काहीतरी सांगतेय, हे त्याच्या डोळ्यांपुढे आलं आणि त्याची पावलं परस्पर एकटीच दुकानाकडे वळली.

"आईला बरं नाही," त्यानं विक्रेत्या बाईला सांगितलं. "पण उंची माझ्याएवढीच आहे. मीच बसून बघतो." बूट काढून, मोज्यांनिशी तो त्या खोल टबात बसला. छान वाटलं. "त्यांनाच आणलं असतं तर बरं," म्हणत बाईनं थोडे आढेवेढे घेतले, मग एक कागद पुढे केला. 'वापरणाऱ्या व्यक्तीने बसून पाहिले आहे.' त्याखाली त्यानं सही केली.

घरी येऊन म्हणाला, "तिथे बसून बघायची सोय नसते गं आई. मापावरूनच घ्यावा लागतो." आई म्हणाली, "बरं," आणि कपडे बदलायला आत गेली.

टब बसवायला फिटरला दोन दिवस लागले. जुना खालचा नळ काढला, स्टूल ठेवायची जागा टबानं खाल्ली, मोटरपर्यंत हात पोचावा म्हणून टबाच्या बाजूला स्क्रूची फळी ठेवली. काम चोख. शेवटी त्यानं सगळ्यांना बोलावून सांगितलं, "ही आठही तोंडं पाण्याखाली बुडाली की मगच बटण दाबायचं. पाण्याशिवाय मोटर चालवायची नाही." मग आईकडे बघून म्हणाला, "कठडा जरा उंच आहे. आजींना जमेल ना?"

"जमेल, जमेल," आईच्या आधी मुलगाच बोलला. "खाली पायरी ठेवतोय ना."

आईनं कठड्यावर हात फिरवला. "केवढा रे हा! अख्ख्या वॉर्डाच्या चादरी मावतील," म्हणाली.

पहिल्या दिवशी तिनं बजावलं, "दार लावून घेते. कोणी आत यायचं नाही." आतून पाणी पडल्याचा आवाज आला, मग मोटरची घरघर. बऱ्याच वेळानं ती ओल्या केसांनी, लालबुंद चेहऱ्यानं बाहेर आली. मुलानं विचारलं, "कसं वाटलं?" ती म्हणाली, "छान आहे हो." बस्स, हा खूश. दुसऱ्या दिवशी कचेरीत, कोणी विचारलेलं नसताना, आईसाठी टब घेतल्याचं त्यानं तीन टेबलांवर सांगितलं. ऐकणारे म्हणाले, असा मुलगा हवा. रोज सकाळी घरघर सुरू झाली की तो चहाचा कप हातात घेऊन हॉलमध्ये ऐकत बसायचा.

दोन आठवड्यांनी एका सकाळी घरघर मध्येच थांबली आणि जळका वास आला.

फिटर आला तेव्हा फुटपट्टीचं टाळकं आधीच तापलेलं होतं. "दोन आठवडे. फक्त दोन आठवडे चालली तुमची मोटर," त्यानं दारातच सुरुवात केली. "काम येत नसेल तर घेता कशाला? म्हातारं माणूस आत बसलेलं असतं, काही झालं असतं म्हणजे?" सुनेनं खुणेनं थांबवलं तरी तो थांबला नाही. फिटर गुडघ्यांवर बसला, स्क्रू काढले, फळी बाजूला ठेवली, मोटर हुंगली.

"कोरडी चालवली आहे," तो म्हणाला.

"आम्हाला शिकवू नका. रोज टब भरून चालते."

"भरून?" फिटरनं टबाच्या आत बोट दाखवलं. तळापासून चार बोटांवर पाण्याचा पांढरट पट्टा उमटला होता. त्याच्या वर टब दुकानातल्यासारखा स्वच्छ होता. "इथवरच पाणी आलंय बघा, एकदाही वर गेलेलं नाही. माणूस आत बसला तर पाणी चढतं. या टबात कोणी बसलेलंच नाही साहेब."

"म्हणजे आम्ही खोटं बोलतो? स्वतःची चूक झाकायला—"

"त्याला बोलू नकोस." आई दारात उभी होती. "त्याचं काम चांगलं आहे. मीच चालवत होते तशी."

मग तिनंच पुढे सांगितलं. पाय कठड्यावरून जात नव्हता. पायरीवरूनही नाही, पहिल्या दिवसापासूनच नाही. मग टब आणि बेसिनच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ती बादली उपडी घालून त्यावर बसायची, टबाचा लांब नळीचा हातनळ बाहेर ओढून अंगावर पाणी घ्यायची आणि बेसिनला धरून कशीबशी उठायची. "आवाज आला नसता तर तुम्हाला कळलं असतं. म्हणून मोटर लावायची. तो म्हणाला होता पाण्याशिवाय लावू नका, म्हणून चार बोटं पाणी घालायची. कोणी बसायचं नाही तर टबभर पाणी फुकट कशाला घालवायचं?"

सुनेनं त्या जागेकडे पाहिलं. हातभर रुंद, ओली, गुळगुळीत फरशी. "पडला असतात तर, आई?" एवढंच ती म्हणाली.

फिटरला वाईट वाटलं असावं. त्यानं आवाज मऊ करून विचारलं, "दुकानात बसून नव्हतं का बघितलं, आजी? ते तर बसवून बघितल्याशिवाय देतच नाहीत."

सुनेनं वळून नवऱ्याकडे पाहिलं. तिथे तशी सोय नसते, हे तिनं त्याच्याच तोंडून ऐकलं होतं. त्याला वाटलं, फरशीनं आत ओढून घेतलं तर बरं. तो तोंड उघडणार, काय बोलणार हे त्याचं त्यालाही माहीत नव्हतं, तेवढ्यात आई म्हणाली, "बसले होते की. नेलं होतं यानं मला. तेव्हा पाय उचलत होता, आता उचलत नाही. मीच म्हटलं, हाच घे."

त्या दुकानाची पायरीही न चढलेली बाई डोळ्याची पापणी न हलवता हे बोलली.

"मग चुकलंच तुमचं आजी," फिटर म्हणाला. "दाराचा घ्यायचा होता."

"हो ना. चुकलं माझं."

फिटर फळी परत लावायला लागला. चार स्क्रू होते. पहिला लागला तेव्हा मुलगा गप्प होता. दुसरा लागला तेव्हाही. गप्प राहिलं तर हे असंच मिटेल, कोणी पुन्हा विचारणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं, आणि ते दिसतंय याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली. चौथा स्क्रू लागल्यावर तो म्हणाला, "मी नेलं नव्हतं तिला. त्यांनी दोनदा सांगितलं होतं, घेऊन या म्हणून. मला लाज वाटली. तिला लोकांसमोर न्यायची."

उपड्या बादलीची गोष्ट सांगताना आईचा चेहरा जराही बदलला नव्हता. आता मात्र तो उतरला. "बाहेरच्या माणसासमोर हे बोलायची काही गरज होती का?" ती हळू आवाजात म्हणाली. तिचा आवाज एवढा हळू त्यानं कधी ऐकला नव्हता. फिटरनं पिशवी उचलली, नवीन मोटरचं नंतर बघू, असं पुटपुटला आणि निघाला. जिन्यापर्यंत जाऊन फुटपट्टीनं त्याची माफी मागितली. फिटर म्हणाला, "माझं काय एवढं?"

टब काढून टाकायचं त्याच दिवशी ठरलं, पण काढणारा माणूस आठवड्यानं येणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हॉलमध्ये बसला होता. चहा समोर तसाच. आई टॉवेल घेऊन बाथरूमपाशी गेली, थोडा वेळ उभी राहिली आणि मग स्वतःहून हाक मारली, "सूनबाई, ये गं." इतक्या महिन्यांत तिनं अशी हाक पहिल्यांदाच मारली. सून लगबगीनं आत गेली. "दार लावते हं आई," तिचा आवाज आला.

"राहू दे," आई म्हणाली. "आता काय राहिलंय झाकायचं?"

तो उठला. मान दुसरीकडे वळवून, चाचपडत त्यानं ते दार ओढून घेतलं आणि आंघोळ होईपर्यंत दाराची मूठ धरून बाहेर उभा राहिला.