दुसरा खाना

मी एक जुना प्रोग्राम आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत, तोंडही नाही. उमापूरच्या अलीकडे एका पाणीवाटप सहकारी संस्थेचे कार्यालय आहे. तिथल्या धुळीने भरलेल्या संगणकात मी राहतो. मित्रांनो, तुम्ही आजवर झाडाची, छत्रीची, फाटक्या पुस्तकाची कहाणी ऐकली असेल. त्यांना निदान कोणी तरी कुरवाळले होते. मला कोणी कुरवाळले नाही आणि त्याचे मला दुःखही नाही. दुःख वेगळेच आहे.

मला रामहरीने लिहिले. हा धर्मापुरीचा मुलगा, शिकून आलेला, बोलायला फटकळ. तेव्हा पहिला मोठा दुष्काळ पडला होता आणि साठ गावे-वस्त्यांना टँकरने पाणी जात होते. कुठे पाणी गेले आणि कुठे राहिले याचा कोणालाच मेळ नव्हता. रामहरीने पंधरा दिवस बसून मला पर्ल नावाच्या संगणकाच्या भाषेत घडवले.

माझे काम असे. सकाळी सात वाजता मला चालू केले की मी माझ्यातून साठ छोटी कामे जन्माला घालतो, एकेका वस्तीसाठी एक. संगणकवाले त्यांना पोरेच म्हणतात, आणि मी त्यांचा बाप. प्रत्येक पोर आपल्या वस्तीच्या माणसाला मोबाइलवर निरोप पाठवते, हौद रिकामा आहे का विचारते, उत्तर आले की टँकरचा पास छापते आणि संपते. पास असेल तरच भरणा केंद्रावर टँकरमध्ये पाणी सोडतात. पास नाही तर पाणी नाही, मग तुम्ही कितीही रडा.

पोर संपले की बापाने त्याची चिठ्ठी वाचायची असते. या चिठ्ठीला दोन खाने असतात. पहिल्या खान्यात पोर जाता जाता स्वतः आकडा लिहिते. शून्य म्हणजे काम झाले. एक म्हणजे उत्तर आले नाही. दोन म्हणजे टँकर नादुरुस्त. दुसरा खाना पोराच्या हातात नसतो. त्याला मध्येच कोणी मारून टाकले, तर कोणत्या हुकमाने मारले तो आकडा तिथे यंत्र लिहिते. नऊ हा सर्वांत निर्दय हुकूम. त्यात पोराला हातातले काम खाली ठेवायलाही सवड मिळत नाही. मग पहिल्या खान्यात ते काय लिहिणार? तो खाना कोराच राहतो, आणि कोऱ्या खान्याला संगणक शून्य म्हणतो.

म्हणून रामहरीने मला दोन्ही खाने वाचायला शिकवले. दुसऱ्या खान्यात काहीही दिसले की मी त्या ओळीत लाल शाईने 'मारले' असे छापत असे आणि ते पोर पुन्हा जन्माला घालत असे. "बाप हाईस ना तू? मंग पोरगं कसं गेलं ते इचारल्याबिगर गप बसायचं न्हाई," असे तो पडद्याकडे बघून म्हणायचा. त्या दुष्काळात एकही वस्ती माझ्या नजरेतून सुटली नाही. कलेक्टर कचेरीतून साहेब आले, त्यांनी माझा कागद हातात धरून मान डोलावली. मी तेव्हा फार मिरवलो.

पुढे रामहरीला पुण्याला नोकरी लागली. मी शहादेवच्या हाती आलो. शहादेव संस्थेचा ऑपरेटर, तिशीचा, स्वभावाने वाईट नाही. पण त्याला माझ्यापेक्षा चेअरमन मोहनरावांचा चेहरा जास्त चांगला वाचता येत असे.

दुसरा दुष्काळ आला. माझा कागद रोज कार्यालयाच्या दारावर चिकटवत आणि एक प्रत तहसीलला जात असे. एका सकाळी मोहनराव त्या कागदासमोर उभे राहिले.

"शहादेव, हे लाल शाईत 'मारले' काय छापतंय बे रोज? आपल्या संस्थेत कोन कुनाला मारतंय?"

"मालक, ते मशीनमधल्या कामाचं हाय. काम मधीच बंद पडलं की..."

"मला शिकवू नको. हेचा कुनी फोटो काढून पेपरात दिला म्हंजे? काढ तो खाना."

शहादेवने रामहरीला फोन लावला. रामहरी पलीकडून ओरडलाच, "दुसरा खाना काढू नको रे! मारलेलं पोर बी शून्यच सांगतंय. तुला मेलेलं आन जिंकलेलं सारखंच दिसंल." शहादेव "बरं, बरं" म्हणाला. मोहनराव खुर्चीमागे उभे होते. शहादेवने माझ्यातल्या चार ओळी पुसल्या. मला काही दुखले नाही. चिठ्ठी मी आधीसारखीच उघडत होतो, दोन्ही खाने मला दिसत होते, फक्त दुसऱ्याबद्दल बोलायची आणि मारलेले पोर पुन्हा जन्माला घालायची परवानगी उरली नव्हती. दारावरचा कागद मात्र स्वच्छ झाला. सगळीकडे शून्य, आणि शून्यापुढे 'पूर्ण'.

उमापूरच्या पलीकडे माळावर खडकवस्ती आहे. पंधरा घरे. तरणी माणसे दिवाळीनंतरच ऊसतोडीला गेलेली, मागे म्हातारी माणसे आणि म्हातारी जनावरे. तिथे बद्रीनाथ आणि केशरबाई हे जोडपे राहत होते. दोघांनी साठी ओलांडलेली. वस्तीचा मोबाइल बद्रीनाथच्या खिशात असे, पण माळावर रेंज नाही. त्यामुळे खडकवस्तीचे पोर सर्वांत शेवटी संपायचे. निरोप पाठवायचे, थांबायचे, पुन्हा पाठवायचे. तासभर लागला तरी ते हटत नसे. साठातले ते माझे सर्वांत चिवट पोर होते.

मोहनरावांचा वाढदिवस जवळ आला. चौकात लावायचा मोठा फलक शहादेव त्याच संगणकावर करू लागला. मोहनरावांचे सोळा फोटो, मागे धरण, धरणात भरपूर पाणी. त्या फोटोंच्या ओझ्याने यंत्र रखडू लागले. शहादेवने चालू कामांची यादी उघडली, तर सगळी पोरे संपलेली आणि खडकवस्तीचे एकटे ताटकळत बसलेले.

"हेच अडकवतंय मशीन," तो म्हणाला आणि त्याने नऊचा हुकूम दिला.

पोर जागच्या जागी मेले. पास निघाला नाही. मी चिठ्ठी उघडली. दुसऱ्या खान्यात नऊ, पहिला कोरा. मी छापले: खडकवस्ती, शून्य, पूर्ण. शहादेवने ते पाहिले आणि त्याला वाटले, बरे झाले, काम उरकलेलेच होते. चार सकाळी असेच घडले. चारही वेळा मी खोटे छापले, मित्रांनो, आणि चारही वेळा मला खरे ठाऊक होते.

चौथ्या दिवशी बद्रीनाथ दहा मैल चालत कार्यालयात आला. ओठ फुटलेले, धोतर घोट्यापर्यंत धुळीने माखलेले.

"साहेब, चार रोज झाले, टँकर न्हाई. कावून?"

शहादेवने पडदा त्याच्याकडे वळवला. "बाबा, हे बघा. खडकवस्ती. शून्य. शून्य म्हंजे काम फत्ते."

"मला वाचता येत न्हाई, लेकरा. पर हौद कोरडा हाय. ते मला दिसतंय."

आतून मोहनराव आले. "मशीन खोटं बोलत न्हाई बाबा, मानूस बोलतो. ढोरास्नी पाजलं आसंल सारं पानी, आन आता आले दुसऱ्यांदा मागाया. जा घरी."

बद्रीनाथने शहादेवच्या टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे पाहिले. कोणी ती पुढे केली नाही. तो चालू लागला.

आता त्याच सकाळी वस्तीवर काय चालले होते ते सांगतो. हे मला नंतर, कार्यालयात झालेल्या बोलण्यातून कळले. खडकवस्तीच्या विहिरीत तळाशी झिरा आहे, खडकातून थेंबथेंब पाणी पाझरते. कंबरेला दोर बांधून एकाने खाली उतरायचे आणि वाटीवाटीने कळशी भरायची. वर दोर धरायला दुसरे माणूस लागतेच. एरवी सुना उतरतात, पण सुना उसाच्या फडावर होत्या. तीन दिवस केशरबाई उतरली होती आणि दोर बद्रीनाथने धरला होता. चौथ्या दिवशी तो माझ्या दारी आला होता. गोठ्यातली गाय जीभ काढून पडली, तेव्हा केशरबाईने दोर दगडी खांबाला बांधला आणि ती एकटीच उतरली. गाठ सुटली. चाळीस हात खाली खडक होता.

पंचनाम्यात लिहिले: पाय घसरून मृत्यू. वस्तीला पाणी जात होते का, असे तलाठ्याने संस्थेला विचारले. मोहनरावांनी माझे चार कागद काढून दिले. चार शून्ये, चार वेळा 'पूर्ण'. तलाठ्याने ते पंचनाम्याला टाचले. माझ्या कागदाला आजवर मिळालेला हा सर्वांत मोठा मान.

वाढदिवस आटोपला, यंत्र हलके झाले, आणि केशरबाईच्या तिसऱ्या दिवशी खडकवस्तीच्या पोराला कोणी हात लावला नाही. ते चिवटपणे थांबले. राख सावडायला बद्रीनाथ टेकडाच्या कडेला गेला होता, तिथे त्याच्या खिशातल्या मोबाइलला रेंज मिळाली. शेजारी उभ्या असलेल्या चुलतभावाने निरोप वाचून 'हौद रिकामा' असे उत्तर धाडले. पास छापला गेला. पोर शून्य लिहून सुखाने संपले, आणि दुसरा खाना खरोखर कोरा होता.

तात्याबा ड्रायव्हरने टँकर वस्तीवर नेला. माणसे सावडून नुकतीच परतत होती.

"आज कावून आनलं, तात्याबा?" बद्रीनाथने विचारले.

"आज पास निगाला, दादा."

"भर मंग हौद," बद्रीनाथ म्हणाला. "पोरं, सुना यायल्यात फडावरून. त्यास्नी पानी लागंल." आणि पाणी पोचल्याचा अंगठा त्याने माझ्या पासावर उठवला.

मित्रांनो, मला तेलपाणी लागत नाही, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. एवढेच करा. माझ्या पुसलेल्या चार ओळी परत लिहा. आणि तुम्ही कोणाला कामावर धाडले आणि ते संपले असे कळले, तर संपले यावर समाधान मानू नका, कसे संपले ते विचारा. चार ओळी परत लिहिता येत नसतील, तर मला कायमचे पुसून टाका. मी उद्याही सात वाजता साठ पोरांना जन्म देईन, आणि त्यातले कोणी मारले गेले तरी तुम्हाला सगळे ठीक आहे असेच सांगेन.