दादाचा गळा

मानेतली धमनी किती ताठरली आहे, हे सोनोग्राफीवर मोजायचं काम ताईकडे होतं. दवाखान्यात सगळेच तिला ताई म्हणायचे. सुई नाही, चीर नाही. मानेला थंडगार जेल लावायचं, प्रोब टेकवायचा आणि प्रत्येक ठोक्याला धमनी किती फुगते ते पडद्यावर बघायचं. तरुण धमनी छान फुगते, जून झालेली हटून बसते. त्यावरून मशीन धमनीचं वय सांगतं. केस काळे करून आलेल्यांचं बिंग मान फोडते, असं ताई म्हणायची आणि स्वतःच हसायची.

मशीन नीट चालतंय का, हे तपासायला कंपनीने रबराची नळी दिली होती. तिच्यावर ताईचा काडीचा विश्वास नव्हता. तिचं माप म्हणजे दादा, तिचा थोरला भाऊ. तो त्याच दवाखान्यात बाहेर नंबर पुकारायचा. दर सोमवारी पेशंट यायच्या आधी ती त्याला टेबलावर आडवं करायची. आकडा नेहमीचा आला की मशीन बरोबर! हा कसला शहाणपणा, असं कुणी विचारलं नाही, कारण आकडा कधी हललाच नव्हता. दादाही कधी हलला नव्हता. वडील गेल्यावर त्याने शाळा सोडली, ताईला शिकवलं, आणि तिचा नवरा तिला टाकून गेला तेव्हा तोच तिला घरी घेऊन आला. दादा बदलू शकतो, हे तिच्या डोक्यातच कधी आलं नाही.

मग आकडा वाढायला लागला. थोडा, आणखी थोडा.

“मशीन म्हातारं झालंय,” ताई वैतागून म्हणाली.

“आणि मी?” मानेवरचं जेल पुसत दादाने विचारलं.

“तुला काय धाड भरलीय? ठणठणीत आहेस.”

इंजिनिअर आला. रबराच्या नळीवर मशीन तंतोतंत बरोबर निघालं. “ताई, यात काही बिघाड नाही हो,” तो म्हणाला. ताईने त्याला असं फैलावर घेतलं की बिचाऱ्याने हात टेकले आणि दादाचा आकडा पूर्वीसारखा येईल इतकी वजावट मशीनमध्ये घालून दिली. पुढे आकडा पुन्हा चढला, तेव्हा वजावटही वाढली.

एक दिवस डॉक्टरबाईंनी टोकलं, “हल्ली आपले सगळेच पेशंट तरुण कसे निघतात?”

ताईला झोंबलं. तिने दार लावून प्रोब स्वतःच्याच मानेवर धरला. धमनी पंचविशीतली आली. क्षणभर ती चक्क हरखली. मग ती भानावर आली. चाळिशी उलटलेल्या, मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या बाईची मान पंचविशीतली कशी असेल?

तिने वजावट काढून टाकली आणि दादाला आत बोलावलं. पडद्यावर त्याची धमनी जेमतेम हलत होती. माणूस पन्नाशीचा, धमनी सत्तरीच्या पुढची.

“दादा, मशीन बरोबर होतं रे.”

दादा उठून बसला. शर्टाचं बटण लावायला त्याला जरा वेळ लागला.

“तरीच,” तो म्हणाला. “जिना चढलो की धाप लागते. मधूनच डोळ्यांपुढे अंधारी येते.”

“कधीपासून?”

“झालं की वर्ष.”

“आणि मला बोलला नाहीस?”

“तुला काय सांगायचं? तू दर सोमवारी बघतच होतीस ना.”

त्यात टोमणा नव्हता, तक्रारही नव्हती. असती तर ताईला बरं वाटलं असतं. ती टेबलाला धरून रडायला लागली आणि दादाच तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

डॉक्टरबाईंनी त्याचं ब्लडप्रेशर बघितलं, हृदय बघितलं. हृदय फार थकलं होतं. वर्षभरापूर्वी गोळ्या सुरू झाल्या असत्या तर पुष्कळ काही वाचलं असतं, त्या म्हणाल्या. आता राहिलंय तेवढं जपायचं.

“दवाखान्यात बसून इतके दिवस दाखवलं का नाही हो तुम्ही?”

“आळस, दुसरं काय,” दादा म्हणाला.

ताईने तोंड उघडलं. त्याने टेबलाखाली तिचा हात घट्ट दाबला, आणि ती गप्प बसली.