लाल काडी, पांढरी काडी

"सर, दातकोरण्या करून राह्यले का?" दुर्गाबाईंनी फाटकातूनच विचारलं.

अश्वजित सर अंगणात बांबूच्या काड्या रंगवत बसले होते. निम्म्या लाल, निम्म्या पांढऱ्या.

"दातकोरण्या नाई बाई, मतं आहेत. उद्या ग्रामसभेत हात वर कराचाच नाई. पडद्यामागं जाऊन मडक्यात काडी टाकाची. तलाव द्याचा तर पांढरी, नाई द्याचा तर लाल. कोणाले कळनार नाई."

दुर्गाबाई रंगवलेल्या काड्यांकडं बघत राहिल्या. शिंगाड्यांची पिशवी ओट्यावर ठेवून निघून गेल्या.

मोहर्लीजवळच्या या गावाचा तलाव एका रिसॉर्टला हवा होता, पाहुण्यांना नावेतून फिरवायला. त्याच तलावात दुर्गाबाई मासे धरत, शिंगाडे लावत. नवरा गेल्यावर पोरगी करिष्मा त्यांनी त्याच पाण्यावर वाढवली. मागच्या सभेत रिसॉर्टचा मॅनेजर पुढे खुर्ची टाकून बसला होता, शेजारी तलाव देऊ नका म्हणणारे सर. सरपंच रंजीताबाईंनी हात वर करायला सांगितले, तर ना बाजूने हात वर आले, ना विरोधात. सभा तहकूब झाली. गाव मॅनेजरला भ्यालं, असं सरांनी ठरवून टाकलं.

सर सहावीला इतिहास शिकवत. टोळीचा नायक कसा झाला, सभा कशी भरू लागली, गणराज्यं कशी उभी राहिली, हे सांगताना त्यांचा आवाज दरवर्षी चढे. मगधाच्या राजानं ती गिळली, इथं आला की बसे. विहारातही पौर्णिमेला तेच. वैशालीच्या गणराज्यातले वज्जी लोक जोवर एकत्र बसतात, एकोप्यानं ठरवतात, तोवर त्यांची भरभराटच होणार, असं भगवंतांनी सांगितलं होतं. भिक्खुसंघात मतभेद झाला की मतांसाठी रंगीत शलाका, म्हणजे काड्या, वाटत, प्रसंगी गुप्तपणे. बायको म्हणे, "तुमचं लगन वैशालीसंगच लावाले पायजे होतं."

दुसऱ्या दिवशी रंजीताबाईंनी मॅनेजरला सभेत येऊ दिलं नाही आणि पडदाही बांधून दिला. एकेक माणूस आत जाऊन येऊ लागला. ज्या म्हाताऱ्यांना घरात कोणी विचारत नसे, ते पडद्याआडून छाती काढून बाहेर येत होते. सरांचे डोळे भरून आले. पुस्तकातलं काहीतरी आपल्या गावात खरोखर घडतंय, याहून मास्तराला आणखी काय हवं असतं?

मडकं सतरंजीवर पालथं केलं. पांढऱ्या काड्यांचा ढीग पडला. लाल मूठभरही नव्हत्या. सरांनी मडक्यात हात घालून पाहिलं. आत काही नव्हतं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक खाली बघून चपला शोधू लागले. वज्जींना मगधाच्या मंत्र्यानं फितुरी करून फोडलं होतं. इथं कोण फितूर? सगळे एकत्र बसले होते, एकोप्यानं ठरवलं होतं. बोल लावायलाही कोणी उरलं नव्हतं, याचंच सरांना रडू यायला लागलं.

संध्याकाळी ते तलावावर गेले. दुर्गाबाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून आपला डोंगा, लहानशी होडी, सोडवून काठावर ओढत होत्या.

"बाई, तुमच्यासाठी मले काईच करता नाई आलं."

"सर, मीबी पांढरीच टाकली."

"काऊन?"

"करिष्माले रिसॉर्टात काम देऊन राह्यले. पंख्याखाली बसून. तिनं काऊन माह्यासारखं जनमभर पान्यात उभं राहावं?" त्यांनी दोरी ओढली. "काल सांगालेच आली होती. पन तुमी एवढ्या मनानं काड्या रंगवून राह्यले होते. जीभच नाई उचलली."

"मंग मागच्या सभेतच हात वर कराचा होता. त्या मॅनेजरचं भेव वाटलं का?"

"त्याचं कायचं भेव?" दुर्गाबाईंनी मान खाली घातली. "तुमी बसले होते ना समोर. तुमच्या तोंडावर कोन हात वर करन? तुमाले किती वाईट वाटलं असतं."

डोंगा एकटीला ओढवत नव्हता. दुर्गाबाई म्हणाल्या, "सर, त्या बाजूनं धरा ना जरा."

सरांनी पँट वर दुमडली आणि ते पाण्यात उतरले.